धीराचा खेळ : कमी पैशांत व्हिडिओ गेम

व्हिडिओ गेम म्हणजे पैसेवाल्यांच्या पोरांचे चोचले, हा समज आपल्याकडे बऱ्यापैकी पक्का आहे. दुकानात चौकशी करून आलेल्या माणसाला तो खराच वाटेल. नवं कन्सोल पन्नास हजारांच्या आसपास, गाजावाजा होऊन आलेला नवा गेम चार-पाच हजारांचा आणि चांगल्या ग्राफिक्स कार्डाच्या किमतीत एक अख्खा लॅपटॉप येईल. पहिली नोकरी लागलेल्या, घरी पैसे पाठवणाऱ्या किंवा कॉलेजचा खर्च जेमतेम भागवणाऱ्या माणसानं या आकड्यांकडे बघितलं, की विषय तिथेच संपतो.

पण हा छंद आपल्याकडे नव्या कोऱ्या वस्तूंवर वाढलेलाच नाही. नव्वदच्या दशकात वाढलेल्यांना ‘सामुराई’चा टीव्ही गेम आठवत असेल. एकाकडे ‘कॉन्ट्रा’ची कॅसेट, दुसऱ्याकडे ‘मारिओ’ची, आणि सुट्टीभर त्यांची अदलाबदल. पुढे सायबर कॅफे आले, तिथे तासाचे पैसे मोजून ‘काउंटर-स्ट्राइक’ आणि ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळत एक पिढी मोठी झाली. देवघेव, भाड्यानं खेळणं, जुन्या यंत्रावर भागवणं हीच इथली रीत होती. आजही कमी पैशांत खेळता येतं, आणि तेव्हापेक्षा कितीतरी चांगलं. फक्त गेमची किंमत कशी ठरते, कशी उतरते आणि आपल्याकडच्या यंत्राकडून किती काम काढता येतं, हे नीट समजून घ्यायला हवं.

सुरुवात किमतीपासून करू. नव्या गेमच्या किमतीचा मोठा भाग नवेपणाचा असतो. पहिल्या आठवड्यातच खेळायचं आहे, मित्रांच्या गप्पांत मागे पडायचं नाही, असं वाटणाऱ्यांकडून कंपनी पूर्ण किंमत घेते. ते गिऱ्हाईक संपलं, की किंमत उतरवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. वर्ष-दीड वर्षात बहुतेक मोठे गेम निम्म्या किमतीला मिळू लागतात आणि चार-पाच वर्षांत कित्येक गेम सेलमध्ये पाव किमतीच्याही खाली जातात. ‘द विचर 3’ हा 2015 सालचा गेम. त्याच्यावर ऐंशी टक्के आणि त्याहून जास्त सूट अनेकदा लागली आहे. शंभर तास सहज पुरेल एवढा ऐवज त्यात आहे आणि दहा वर्षांत त्याची गोडी जराही उणावलेली नाही.

थांबण्याचा फायदा नुसता पैशांचा नाही. ‘सायबरपंक 2077’ डिसेंबर 2020 मध्ये आला तेव्हा त्यात इतक्या चुका होत्या, की सोनीनं तो काही महिने आपल्या ऑनलाइन दुकानातूनच काढून टाकला. पुढे दुरुस्त्या होत गेल्या आणि सप्टेंबर 2023 च्या मोठ्या सुधारणेनंतर तो खऱ्या अर्थानं पुरा झाला. पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजणाऱ्यांच्या वाट्याला अर्धवट गेम आला, तीन वर्षं थांबलेल्यांना तोच गेम नीट होऊन निम्म्या किमतीत मिळाला. ‘नो मॅन्स स्काय’चंही तसंच. 2016 साली लोक त्याच्यावर चिडले होते. नंतर वर्षानुवर्षं फुकट भर पडत गेली आणि आता तो ओळखू येणार नाही इतका समृद्ध झाला आहे. दरम्यान यंत्रंही स्वस्त होत जातात. जो गेम चालवायला तेव्हा महागडं कार्ड लागायचं, तो आज जुन्या बाजारातल्या कार्डावर चालतो. म्हणून माझा सरळ सल्ला असा, की तुमचं ‘आज’ दोन-तीन वर्षं मागे ठेवा. एकट्यानं खेळायच्या गेममध्ये यानं काहीही बिघडत नाही. ऑनलाइन एकमेकांविरुद्ध खेळायच्या गेमचं गणित वेगळं, कारण तिथे खेळणाऱ्यांची गर्दी ओसरली की मजाही ओसरते. पण त्यातले बरेचसे आता फुकटच असतात.

आता प्रत्यक्ष खरेदी. संगणकावर खेळणाऱ्यांसाठी ‘स्टीम’ हे सगळ्यांत मोठं दुकान. 2015 पासून तिथे किमती रुपयांत दिसतात आणि आता यूपीआयनंही पैसे भरता येतात, म्हणजे क्रेडिट कार्डाची अडचण नाही. भारतासाठीची किंमत गेम प्रकाशित करणारी कंपनी ठरवते. लहान स्टुडिओ बहुधा इथल्या खिशाचा विचार करतात, काही बडे प्रकाशक डॉलरचा भाव तसाच रुपयांत गुणून लावतात. त्यामुळे दोन गेमची अमेरिकेतली किंमत सारखी असली, तरी इथे एक दुसऱ्याच्या दुप्पट महाग असू शकतो.

आवडलेला गेम लगेच न घेता विशलिस्टमध्ये टाकायचा. त्याला सूट लागली की ईमेल येतो. मोठे सेल वर्षातून चार, ऋतूंच्या नावांचे; त्यातले जूनअखेरीचा आणि डिसेंबरअखेरीचा हे दोन सगळ्यांत भरघोस. ईमेल आला म्हणून लगेच पैसे काढू नका. ‘इज देअर एनी डील’ किंवा ‘स्टीमडीबी’ या संकेतस्थळांवर त्या गेमच्या किमतीचा सगळा इतिहास आलेखासकट दिसतो. आज चाळीस टक्के सूट आहे, पण मागच्या हिवाळ्यात साठ होती, हे दिसलं की हात आपोआप मागे येतो. पूर्वी स्टीमवर काही तासांच्या झटपट सवलती असायच्या, त्या काळातली घाई अजून लोकांच्या अंगात आहे. आता सेलच्या पहिल्या दिवशीची किंमत शेवटच्या दिवशीही बहुधा तीच असते. यादी शांतपणे दोनदा चाळा आणि शेवटच्या दिवशी घ्या.

स्टीमची परतीची सोय तर कमी बजेटवाल्यासाठी फार मोलाची आहे आणि पुष्कळांना ती माहीतच नसते. गेम घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल, तर कारण काहीही असो, पैसे परत मिळतात. आपल्या लॅपटॉपवर गेम चालेल का, ही शंका घेऊन आठवडाभर व्हिडिओ बघत बसण्यापेक्षा तो घ्यावा आणि पहिल्याच बैठकीत सेटिंग लावून, गर्दीच्या किंवा लढाईच्या प्रसंगापर्यंत जाऊन पाहावा. अडखळला तर परत. मात्र दोन तासांत सुरुवातीच्या मेनूत घालवलेला वेळही मोजला जातो, तेवढं घड्याळाकडे लक्ष असू द्या. एकाच घरातल्यांना आपले गेम एकत्र ठेवण्याचीही सोय आहे. ‘स्टीम फॅमिलीज’मध्ये सहा जणांपर्यंत एक कुटुंब करता येतं, आणि बहिणीनं घेतलेला गेम भाऊ आपल्या खात्यावरून खेळू शकतो. एकच प्रत दोघांना एकाच वेळी चालवता येत नाही, ही मुख्य अट.

फुकटाचा विषय काढला, की पुष्कळांच्या डोक्यात आधी चोरीच्या प्रती येतात. त्या वाटेला जाऊ नये, कारण त्या फायलींतून येणारे व्हायरस पासवर्ड आणि बँकेची माहिती पळवतात. शिवाय राजरोस फुकट मिळणारं इतकं आहे, की त्यांची गरजच उरत नाही. ‘एपिक गेम्स स्टोअर’ डिसेंबर 2018 पासून ठरावीक काळानं एखाद-दुसरा विकतचा गेम फुकट देतं. आपल्याकडे दर गुरुवारी रात्री नवा गेम लागतो आणि तो पुढच्या गुरुवारपर्यंत खात्यात जमा करून घेतला, की कायमचा आपला. मे 2020 मध्ये ‘जीटीए 5’ असा दिला, तेव्हा गर्दीनं त्यांचं संकेतस्थळच बसलं होतं. हे औदार्य कसं परवडतं? एपिक गेम बनवणाऱ्यांना ठोक रक्कम देतं आणि त्या बदल्यात स्टीमची गिऱ्हाइकं आपल्याकडे ओढतं. ‘ॲपल’बरोबरच्या 2021 च्या खटल्यात पुढे आलेल्या कागदपत्रांनुसार पहिल्या नऊ-दहा महिन्यांच्या फुकट गेमसाठी त्यांनी सुमारे 1 कोटी 16 लाख डॉलर मोजले होते आणि त्यातून लाखो नवी खाती उघडली गेली. जाहिरातीवर घालवायचा पैसा गेमच्या रूपानं आपल्यापर्यंत येतो, तर तो घ्यावा. संगणक आज नसला तरी खातं उघडून दर आठवड्याला गेम जमा करत राहा. दोन वर्षांनी यंत्र येईल, तेव्हा कपाट भरलेलं असेल.

दुसरं फुकट मला जास्त जवळचं वाटतं. जगभरचे हौशी लोक मिळून बनवतात आणि ज्यांचा कोडसुद्धा सर्वांना खुला असतो असे हे गेम. ‘0 ए.डी.’ हा ‘एज ऑफ एम्पायर्स’च्या धर्तीचा गेम घ्या. त्यात ग्रीक आणि रोमन आहेत, तसेच हत्तींचं सैन्य घेऊन उतरणारे मौर्यही आहेत. ‘ओपनटीटीडी’मध्ये रेल्वे, बस आणि विमानांचं जाळं विणायचं असतं, 1995 च्या ‘ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स’वरून तो 2004 साली उभा राहिला आणि अजूनही सुधारतोय. पंधरा वर्षांपूर्वीच्या संगणकावरही तो निवांत चालतो, आणि सिग्नलची मांडणी एकदा जमू लागली की रात्र कुठे जाते कळत नाही. ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ डाव टाकून लढायच्या युद्धांचा, ‘सुपरटक्सकार्ट’ गाड्यांच्या शर्यतीचा. फक्त फोन असेल तर ‘अनसिव्ह’ आहे; ‘सिव्हिलायझेशन 5’च्या धर्तीवरचा, जाहिरात नाही, पैसे मागणं नाही.

आता यंत्राकडे वळू. इथेच माणसं सगळ्यांत जास्त पैसे घालवतात, आणि इथेच सगळ्यांत उशिरा घालवायला हवेत. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवर काय चालतं, याची यादी थक्क करणारी आहे. ‘स्टारड्यू व्हॅली’ एरिक बॅरोन या एकट्या माणसानं चार-पाच वर्षं खपून बनवला आणि 2016 साली आणला. गावाकडची पडीक शेती पुन्हा उभी करायचा हा गेम कसल्याही यंत्रावर चालतो. ‘पेपर्स, प्लीज’मध्ये तुम्ही एका हुकूमशाही देशाच्या सीमेवरचे कारकून असता, लोकांचे पासपोर्ट तपासता, आणि कुणाला आत सोडायचं यावर तुमच्या घरातली चूल पेटते किंवा विझते. ‘सेलेस्ट’, ‘होलो नाइट’, ‘इन्टू द ब्रीच’, ‘बलाट्रो’ हे सगळे याच जातीचे. माझं स्पष्ट मत आहे, की गेल्या दहा-पंधरा वर्षांतले सर्वांत कल्पक गेम या लहान चमूंनीच दिले. यंत्र साधं असलेल्याला उरलंसुरलं मिळतं, असं मुळीच नाही.

लॅपटॉप थोडा कमी पडतोय असं वाटलं, तर नवीन घेण्याआधी एक तपासणी करा. वेगळं कार्ड नसलेल्या यंत्रात चित्र काढणाऱ्या भागाकडे स्वतःची मेमरी नसते. तो मुख्य रॅममधूनच काम भागवतो. स्वस्त लॅपटॉपमध्ये बऱ्याचदा 8 जीबीची एकच रॅम बसवलेली असते, म्हणजे माहितीची ये-जा एकाच वाटेनं. तेवढ्याच क्षमतेची दुसरी रॅम जोडली, की वाटा दोन होतात आणि चित्र काढणाऱ्या भागाला मिळणारा वेग जवळपास दुप्पट होतो. आधी अडखळणारे कित्येक गेम केवळ एवढ्यानं खेळण्याजोगे होतात. तुमच्याकडे काय आहे हे पाहायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन मेमरीवर टिचकी मारली, की खाली ‘स्लॉट्स यूज्ड’ अशी ओळ दिसते. तिथे दोनपैकी एक असं लिहिलेलं असेल, तर तुमचं काम सोपं आहे. डीडीआर4 असेल तर डीडीआर4 च, आणि शक्यतो त्याच वेगाची घ्या. रॅम सेकंडहँड घ्यायला हरकत नसते, कारण त्यात झिजणारा भाग नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये मात्र रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते. म्हणून मॉडेलचं नाव घालून शोध घ्या आणि मगच पैसे खर्च करा.

एक रुपयाही न घालता करता येणारं काम म्हणजे सेटिंग. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका यंत्राला रंगवावा लागतो. 1920 बाय 1080 म्हणजे 20 लाख 73 हजार 600 ठिपके, 1280 बाय 720 म्हणजे 9 लाख 21 हजार 600. निम्म्याहून कमी काम. लॅपटॉपच्या लहान पडद्यावर हा फरक थोड्या वेळात नजरेला सवयीचा होतो. त्यानंतर सावल्यांची सेटिंग खाली आणा, कारण सावल्या यंत्राला फार दमवतात आणि खेळताना आपलं लक्ष त्यांच्याकडे क्वचित जातं. गेममध्ये ‘एफएसआर’ अशी सोय असेल तर चालू करा. लहान चित्र काढून ते मोठं आणि रेखीव करण्याची ही एएमडीची युक्ती बहुतेक कार्डांवर चालते. शेवटी दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमचा आकडा तीस किंवा चाळीसवर बांधून टाका. साठवरून पंचवीसवर आणि परत साठवर उड्या मारणाऱ्या चित्रापेक्षा एकसारखं तीसनं चालणारं चित्र डोळ्यांना सुखाचं असतं, आणि यंत्रही कमी तापतं.

एवढं करूनही डेस्कटॉप हवाच असेल, तर कंपन्यांनी वापरून काढलेले संगणक बघा. मोठी ऑफिसं काही वर्षांनी सगळी यंत्रं एकगठ्ठा बदलतात आणि ती रिफर्बिश्ड म्हणून बाजारात येतात. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड हे त्यांचं जुनं ठाणं. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर ही नावं लक्षात ठेवा. इंटेलचा निदान आठव्या पिढीचा आय5 असावा. त्याला सहा कोअर असतात आणि विंडोज 11 त्याच्यावर अधिकृतपणे चालतं. डबा शक्यतो उभा, मोठा घ्या. बारीक डब्यात कमी उंचीचंच ग्राफिक्स कार्ड बसतं आणि ते शोधण्यात वेळ जातो.

या यंत्रांचा कमकुवत भाग म्हणजे पॉवर सप्लाय. तो दोनशे-अडीचशे वॅटच्या आसपास असतो, कार्डाला जोडायची जादा वायर त्याला बहुधा नसते आणि कित्येकदा तो बदलताही येत नाही, कारण त्याची जोडणी त्या कंपनीपुरती वेगळी असते. म्हणून बोर्डावरच्या खाचेतून मिळणाऱ्या 75 वॅटमध्ये भागवणारं कार्ड घ्यावं. जादा वायर न लागणारं जीटीएक्स 1650 या कामाला उत्तम. विचारून घ्या, कारण याच नावाच्या काही कार्डांना वायर लागते. आरएक्स 6400 त्याहून कमी वीज खातं, पण जुन्या बोर्डांवर ते आपला पूर्ण वेग दाखवत नाही.

सेकंडहँड कार्ड चालू अवस्थेत पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. 15 सप्टेंबर 2022 ला ‘इथेरियम’ या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि तोवर ते चलन कमावण्यासाठी रात्रंदिवस राबवलेली कार्डं बाजारात ओतली गेली. असं कार्ड वाईटच असतं असं नाही. पंखा आवाज करतो का, तापमान किती चढतं हे पाहावं. दहा-पंधरा मिनिटं एखादा जड गेम चालवायला लावा, पडद्यावर रंगीत ठिपके किंवा पट्टे दिसले तर हात जोडून निघा. दुसरी फसवणूक अशी, की फार जुन्या कार्डाच्या आत नव्या कार्डाचं नाव भरून विकतात आणि विंडोजही त्याला भुलतं. ‘जीपीयू-झेड’ हा छोटा फुकट प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन जा. अशी पुष्कळशी बनावट एनव्हिडिया कार्डं तो नावापुढे शिक्का मारून उघडी पाडतो.

कन्सोलबद्दल थोडक्यात. ज्याला डिस्क लागते तेच घ्यावं. डिस्क सेकंडहँड घेता येते, खेळून झाली की थोड्या कमी किमतीला विकता येते, मित्राला देता येते. डिजिटल प्रतीत यातलं काहीच होत नाही. प्लेस्टेशन 4 जुनं झालं, पण त्याच्यासाठीच्या उत्तम गेमच्या डिस्क आज मुबलक आहेत. विकतचे गेम ऑनलाइन खेळायला बहुधा वर्गणी भरावी लागते, हा खर्च आधी धरा.

फोनवरच्या फुकट गेमबाबत मात्र मला खरी काळजी वाटते, कारण कमी पैसे असलेल्याचाच खिसा तिथे हळूहळू कापला जातो. गेममधलं नाणं किंवा हिरा असं वेगळं चलन असतं, त्यामुळे आपण किती रुपये घालवले हे लगेच कळत नाही. वस्तू ऐंशी हिऱ्यांची आणि पाकीट शंभराचं, म्हणजे वीस उरतात आणि त्यांना जोड म्हणून पुढचं पाकीट. त्यात ‘आजच्या आज’ असं उलटं धावणारं घड्याळ. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी व्यवस्था करून ठेवा आणि यूपीआयची आपोआप पैसे देण्याची परवानगी काढून टाका. पैसे लावून पैसे जिंकायच्या गेमचा तर या छंदाशी संबंधच नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यानं त्यांच्यावर देशभर बंदी घातली आहे.

विजेचाही हिशेब करून ठेवा. साठ वॅटच्या लॅपटॉपवर रोज दोन तास खेळलं तर महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास, तीनशे वॅटच्या डेस्कटॉपवर अठरा. डाउनलोडचं म्हणाल, तर मोठे गेम शंभर जीबीच्या पुढे जातात. मित्राकडे तो गेम आधीच असेल, तर दोन्ही संगणक एका वाय-फायवर आणा; स्टीम त्या संगणकावरून फाइल उचलतं आणि इंटरनेटचा डेटा वाचतो. मात्र मित्राच्या स्टीमच्या सेटिंगमध्ये ही परवानगी चालू असावी लागते.

पैसे थोडे असतील, तर दोघांत मिळून एका प्रतीत खेळता येणारे गेम पदरात पाडून घ्यावेत. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी’ घ्या. 2020 साली आलेला हा गेम भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची गोष्ट सांगतो, पहाडी चित्रशैलीची छाया असलेल्या रंगांत आणि दुर्गा-विष्णूंच्या कथांच्या सोबतीनं. तो लहान आहे, आणि एकानं खेळावा, दुसऱ्यानं शेजारी बसून बघावा इतका देखणा आहे. खरोखर दोघांनीच खेळायचा ‘इट टेक्स टू’ आणखी उदार आहे. ‘फ्रेंड्स पास’ नावाच्या सोयीनं एकानं गेम विकत घेतला, की दुसरा फुकट उतरवून त्याच्याबरोबर अख्खा गेम खेळू शकतो. एक जण कोल्हापुरात आणि दुसरी नागपुरात असली तरी चालतं, दोघांकडे बऱ्यापैकी इंटरनेट हवं. एकाच संगणकावर खेळायचे गेमही स्टीमच्या ‘रिमोट प्ले टुगेदर’मधून दूरच्या मित्राला खेळता येतात, गेम तुमच्याकडे चालतो आणि त्याच्याकडे चित्र पोचतं. तुमचा इंटरनेटचा अपलोड वेग आधी मोजून घ्या, चित्र अडकण्याचं कारण बहुतेक वेळा तेच असतं.